सालबाईच्या तहात इंग्रजांना ‘फक्त साष्टी’ मिळाली?

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा जमाखर्च मांडताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येते. इंग्रज सात वर्षे लढले, वडगावला त्यांची नाचक्की झाली, आणि शेवटी १७८२च्या सालबाईच्या तहात त्यांच्या पदरात पडली ती फक्त साष्टी. जिंकलेली वसई परत द्यावी लागली, गुजरातेतला मुलूख सोडावा लागला, राघोबादादांना पेशवेपदावर बसवण्याचा बेत बारगळला. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांनी इंग्रजांना वीस वर्षे थोपवून धरले, हा त्यातला अभिमानाचा भाग. शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानमालेपर्यंत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही.

दुसरे वाक्य मुंबईच्या इतिहासातले. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला सात बेटे मिळाली, इंग्रजांनी भरणी घालून ती जोडली आणि त्यातून हे महानगर उभे राहिले. हे सांगणारी मंडळी वेगळी, ऐकणारी वेगळी. पुण्यात सालबाईवर बोलणारा माणूस मुंबईच्या भरणीकडे फारसा वळत नाही आणि फोर्टातल्या जुन्या इमारती दाखवत फिरवणारा सालबाईचे नाव काढत नाही.

या दोन्ही कथांमध्ये एकाच बेटाची किंमत चुकली आहे. पहिलीत साष्टी म्हणजे वाटाघाटीत राहून गेलेला तुकडा. दुसरीत तर ती नाहीच. (ही उत्तर कोकणातली साष्टी. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचे अखंड बेट. गोव्याच्या साष्टीशी तिचा संबंध नाही.) माझे म्हणणे असे की मुंबईला तिची आजची जमीन, दगड, पाणी आणि वाट मिळाली ती आंदणातून नव्हे, १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या गावी महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांनी केलेल्या करारातून. आणि हे मान्य केले, तर त्या तहातल्या मराठी विजयाचा हिशोबही पुन्हा मांडावा लागतो.

आधी आंदणाचे पाहू. १६६१च्या विवाहकरारात मुंबईचे बंदर आणि बेट दुसऱ्या चार्ल्सला मिळाले हे खरे. पण ‘मुंबई’ म्हणजे नेमके किती, यावरून पहिल्या दिवसापासून भांडण होते. इंग्रजांचे म्हणणे, साष्टी आणि ठाणे हे मुंबईचेच भाग, तेही द्या. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा दावा उडवून लावला. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याची माणसे वाट पाहत अंजदीव बेटावर पडून राहिली, तिथेच शिपमन आणि त्याचे बहुतेक शिपाई रोगराईने मेले. उरलेल्या मूठभरांना घेऊन हम्फ्री कुक १६६५ मध्ये मुंबईत उतरला. माहीमसारखी ठाणी इंग्रजांनी पुढे रेटून घेतली, पण साष्टी मिळाली नाही ती नाहीच. तीन वर्षांनी राजाने हे आंदण वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. इतक्या स्वस्तात का दिले याचे उत्तर नकाशात आहे. आंदणात घराची ओसरी आली होती; माजघर आणि विहीर शेजाऱ्याकडेच राहिली होती.

हा शेजारी त्रास देऊ शकत होता, आणि देत होता. कल्याण-भिवंडीकडचा माल होडीने मुंबईला यायचा तर ठाण्याच्या खाडीतून किंवा करंजाच्या बाजूने यावे लागे आणि दोन्हीकडे पोर्तुगीजांची जकात. मुंबईत भात पिके, नारळ होते, मासळी होती. पण वाढत्या वस्तीला पुरेल एवढे धान्य, गुरांना गवत, चुलीला सरपण, बांधकामाला लाकूड यातले काहीच त्या बेटावर पुरेसे नव्हते. सगळे खाडी ओलांडून यायचे, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने यायचे.

मग १७३७ साली शेजारी बदलला. मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. आपण ही कथा वसईच्या बाजूने ऐकतो, आणि ऐकावी अशीच ती आहे. पण मुंबईच्या बाजूने काय दिसत होते ते पाहायचे असेल तर धारावीत जावे. मिठी नदीच्या काठाला, आता चहूबाजूंनी वस्तीने वेढलेला एक छोटा काळ्या दगडाचा बुरूज आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, कागदोपत्री तो रिवा किल्ला. त्यावरच्या इंग्रजी शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने बांधल्याची नोंद आहे आणि साल आहे १७३७. नेमके तेच साल. शीवचा टेकडीवरचा किल्ला त्याच्याही आधीचा, जेराल्ड ऑन्जियरच्या काळातला. पश्चिमेला माहीमचा कोट. हे सगळे उत्तरेकडच्या खाडीवर डोळा ठेवून बसलेले. वसई पडल्यावर कंपनीने कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे बोलणी करायला धाडले आणि कोटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांकडून तीस हजार रुपयांची वर्गणी गोळा झाली. खाडीपलीकडे परका मुलूख असलेले गाव असेच वागते: उत्तरेकडे तोफा रोखायच्या आणि आपण दक्षिणेच्या टोकाला कोटात दाटीवाटीने राहायचे.

सात बेटांची कथा सांगणारे लोक या उत्तर सीमेबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. त्यांच्या कथेचा नायक विल्यम हॉर्नबी. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधले खिंडार बुजवून समुद्राचे पाणी अडवणारा बांध त्याच्या नावाने ओळखला जातो आणि तो १७८४च्या सुमारास पुरा झाला असे मानतात. संचालकांनी नकार दिला असताना त्याने तो रेटला, ही दंतकथाही सोबत येते. गंमत अशी की हाच हॉर्नबी १७७१ पासून मुंबईचा गव्हर्नर होता आणि ठाण्यावर फौज पाठवण्याचा निर्णय याच्याच कारकिर्दीतला. बांधाने दलदल हटली, आतल्या सखल जमिनी कोरड्या झाल्या, हे काम मोठेच. पण त्याने बेटाला जी जमीन दिली ती साष्टीच्या मानाने किती? सगळे जुने मुंबई बेट, त्यानंतरच्या दोनशे वर्षांच्या भरणीसकट, आज सुमारे ६८ चौरस किलोमीटर भरते. साष्टी त्याच्या कित्येक पट आहे. बांधासाठी आठवला जाणारा माणूस बेटासाठी विसरला गेला, याचे कारण बहुधा एवढेच की बांध दिसतो.

आता युद्धाकडे. कंपनीच्या लंडनच्या संचालकांना साष्टी आणि वसई हवी होती हे काही गुपित नव्हते. १७६८-६९च्या सुमारास ते मुंबईकरांना त्यासाठी पुन्हा पुन्हा लिहीत होते. टॉमस मॉस्टिन वकील म्हणून पुण्याला आला तो याच कामासाठी. थोरल्या माधवरावांनी दाद दिली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण ‘मराठ्यांना साष्टीचे महत्त्व कळलेच नव्हते’ असा एक बचाव अधूनमधून ऐकू येतो. कळले होते. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या दारात उभे राहिले, तेव्हा मुंबईकरांना वाट दिसली. त्यातच पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघाल्याची बातमी आली आणि मुंबईकरांनी राघोबांशी करार पुरा होण्याचीही वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावर तोफा चालू झाल्या. पहिला हल्ला मोठ्या हानीनिशी फसला. २८ डिसेंबरला किल्ला पडला आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल झाली. आरमाराचा प्रमुख जॉन वॉटसन याच्या अंगात तोफगोळ्याने उडालेले वाळूचे कण घुसले, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. तो वाचला नाही. नव्या वर्षाच्या आरंभी सगळी साष्टी इंग्रजांच्या हातात होती.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. साष्टी १७७४-७५ मध्येच तलवारीने घेतली होती. मग सालबाईने दिले काय? जे हातात होते त्यावर शिक्का मारला, एवढेच ना?

याचे उत्तर त्या आठ वर्षांच्या कागदांत आहे. मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी आणि वसई दोन्ही लिहून दिली. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो तहच बेकायदा ठरवला. त्यांनी कर्नल अप्टनला पुण्याला धाडले आणि १ मार्च १७७६ला पुरंदरचा तह झाला. त्यात साष्टी इंग्रजांकडे ठेवली, पण अशी सोय करून की गव्हर्नर जनरलची मर्जी असेल तर तीन लाख उत्पन्नाच्या दुसऱ्या मुलुखाच्या बदल्यात ती परत देता यावी. म्हणजे साष्टी सौद्यात होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी १७७३ नंतर घेतलेले सगळे, साष्टीसकट, परत देण्याचे लिहून दिले. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो करार झुगारला म्हणून ते टळले. आठ वर्षांत चार करार, आणि दर वेळी साष्टीचे वेगळे भवितव्य. अशा जमिनीवर कोणी पूल बांधत नाही, घरही बांधत नाही. कब्जा आणि मालकी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने एकदा कुळकायद्याचा दावा लढवून पाहावा.

शिवाय १७८० नंतर वसईही कब्जातच होती. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने ती घेतली. तिला सोडवायला आलेले मराठा सरदार रामचंद्र गणेश कानडे वज्रेश्वरीजवळ दुगाडला पडले. दाट धुक्याचा आडोसा घेऊन ते इंग्रज अधिकारी हार्टलीच्या फौजेच्या अगदी जवळ पोचले होते. धुके एकाएकी विरले आणि ते माऱ्यात सापडले. तलवारीनेच निकाल लागत असता तर साष्टी आणि वसई यांचे नशीब एकच झाले असते. दोन्ही जिंकलेल्या, दोन्ही शेजारी, मध्ये फक्त एक खाडी. सालबाईने एक ठेवली आणि एक परत केली. शहर कुठल्या बाजूला वाढणार आणि कुठल्या खाडीवर थांबणार हे त्या निवडीत आले.

आता ‘विजय’ या शब्दाकडे. सालबाईच्या तहात मराठ्यांचे काही गेलेच नाही असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच तो पराभव होता हे म्हणणेही. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज म्हैसूरच्या हैदरशी लढत होता, फ्रेंच आरमार दारात होते, तिजोरीत खडखडाट होता. त्याला तह हवाच होता. पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख त्याने सोडला. राघोबांचा पक्ष सोडला. महिना पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन ते कोपरगावला राहायला गेले आणि पुढच्या वर्षअखेरीस वारले. ज्यांच्या नावाने युद्ध झाले त्यांचा प्रश्न इतक्या लवकर मिटला. इतर युरोपीयांना वखारी घालू द्यायच्या नाहीत अशी अट इंग्रजांनी मिळवली, पोर्तुगीज वगळून. नानांनी मंजुरी लांबवली. ७ डिसेंबर १७८२ला हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याची मोहोर उमटली.

पण या तहात सगळ्यात जास्त कोणाला मिळाले? माझ्या मते महादजींना. ते तहाचे जामीन झाले, इंग्रजांनी त्यांना भडोच दिले, आणि दिल्लीच्या राजकारणात हात मोकळा राहिला. दोनच वर्षांनी ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या माणसाने कोकणातल्या एका बेटासाठी तह मोडू द्यावा, ही अपेक्षाच वेडगळ. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायचा तो नंतरच्या लेखकांना, ज्यांनी या देवघेवीतली एक बाजू मोजली आणि दुसरी बाजू ‘फक्त’ म्हणून सोडून दिली. पुरंदरला साष्टीची किंमत तीन लाख उत्पन्न अशी लावली होती. महसुलाच्या हिशोबाने ती बरोबरही असेल. पण गावे किती आणि वसूल किती, या मापाने मोजायची ती जागाच नव्हती. मुंबईच्या गव्हर्नरांनी तिला कधीच तसे मोजले नाही.

मग पुढे काय झाले? इथे मला माझ्याच पक्षाला आवर घालावा लागतो, कारण सालबाईने मुंबई एका रात्रीत श्रीमंत झाली असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे ठरेल. तहानंतरची मुंबई इलाख्याची तिजोरी इतकी कंगाल होती, बंगालच्या पैशावर इतकी अवलंबून होती, की १७८७-८८च्या सुमारास गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस तिचा बारदाना आवरून तिथे नुसती वखार ठेवावी असा विचार करत होता. शहराला तारले ते कापसाने. १७८४ मध्ये ब्रिटनने चहावरचा कर भरमसाट कमी केला, चीनकडून चहाची खरेदी वाढली, ती भागवायला गुजरातचा कापूस कँटनला जाऊ लागला आणि त्या व्यापारात पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान, इंग्रज सगळ्यांनी हात धुऊन घेतले. पैसा तहाने दिला नाही. तो देण्याचे काम तहाचे नव्हतेच.

तहाने दिले ते मागचे दार. व्यापाराने ओढून आणलेली माणसे कुठे मावणार, काय खाणार, कोणते पाणी पिणार, हा प्रश्न कँटनच्या जहाजांनी सुटणारा नव्हता. १७८० मध्ये मुंबईची लोकसंख्या १,१३,०००च्या आसपास सांगितली जाते. १८१४-१५च्या मोजणीत ती १,८०,००० भरली. मधल्या काळात दुष्काळात कोकणातून आणि देशावरून लोक आले, १८०३ची मोठी आग कोटातल्या गर्दीचे काय होते ते दाखवून गेली आणि वस्ती कोटाबाहेर पसरू लागली.

एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे: शीव. ज्या टेकडीवरच्या किल्ल्याने शंभर वर्षे साष्टीकडे तोफा रोखल्या, त्याच टेकडीच्या पायथ्यापासून १७९८ मध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनने कुर्ल्याकडे जाणारा बांधरस्ता घालायला सुरुवात केली. तो १८०५ मध्ये पुरा झाला. किल्ला पाडावा लागला नाही, त्याला फक्त निरुपयोगी व्हावे लागले. १७७४ पूर्वीच्या कुठल्या गव्हर्नरने खाडीत असा रस्ता घातला असता? तो शत्रूच्या पायदळाला दिलेला आयता पूल ठरला असता. १७८२ नंतर त्यावरून भाजी, गवत, भात, सरपण आणि माणसे आली. अनेकांना हॉर्नबीचा बांध हे मुंबई जोडली जाण्याचे चिन्ह वाटते. मला डंकनचा रस्ता वाटतो. बांधाने बेटाचे तुकडे एकमेकांना जोडले. रस्त्याने बेट मुलुखाला जोडले. पश्चिमेच्या बाजूला वांद्र्याला जायला पुढची चाळीस वर्षे होडीच होती. १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी यांनी दिलेल्या एक लाख सत्तावन्न हजार रुपयांतून माहीमचा रस्ता झाला.

त्यानंतरची यादी ओळखीची आहे, फक्त ती साष्टीच्या खात्यावर कोणी मांडत नाही. जॉर्ज क्लार्क नावाच्या सरकारी इंजिनियरला रेल्वेची कल्पना सुचली असे सांगतात ती १८४३ मध्ये, भांडुपला गेला असताना. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ला, पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्याला गेली. शीव ओलांडली की कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचे तिचे रूळ सालबाईच्या कलमात आलेल्या जमिनीवर होते. १८५०च्या दशकात विहिरी आणि तळी आटून मुंबईचे हाल झाले, तेव्हा पाणी शोधत हेन्री कॉनिबेअर साष्टीच्या डोंगरात गेला. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी. तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले. तोपर्यंत शहराचे धरणाचे पाणी साष्टीचेच. दगडाचे तेच. राजाबाई टॉवरला लागलेला फिकट पिवळसर दगड कुर्ल्याच्या खाणीतला, आणि मालाडचा दगड फोर्टातल्या किती इमारतींना लागला ते मोजायला स्वतंत्र लेख हवा. व्हिक्टोरियन मुंबईचे कौतुक करताना आपण गॉथिक कमानीबद्दल बोलतो, खाणीबद्दल नाही.

हे सगळे फुकट आले नाही, हेही सांगायला हवे. साष्टीच्या कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, वारली आणि ख्रिस्ती गावकऱ्यांना हा तह विचारून झाला नव्हता. त्यांच्या पायाखालची जमीन पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून कंपनीकडे गेली, मग कंपनीने गावेच्या गावे मुंबईच्या मोठ्या माणसांना इनाम-भाडेपट्ट्याने दिली. पवईची गावे १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉटला मिळाली, पुढे फ्रामजी कावसजींना. मुंबईच्या भांडवलाने उपनगरातली जमीन धरायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकातल्या बिल्डरांपासून नव्हे.

शेवटचा आक्षेप मला अनेकदा ऐकवला जातो. साष्टी १७८२ मध्ये सोडली नसती तरी १८०३ मध्ये किंवा १८१८ मध्ये गेलीच असती, मग सालबाईचे एवढे काय? पेशवाई बुडणारच होती हे आपल्याला आज ठाऊक आहे. १७८२ मध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हते; तीनच वर्षांपूर्वी वडगाव झाले होते. आणि ती छत्तीस वर्षे रिकामी गेली नाहीत. कॉर्नवॉलिस मुंबई आवरायच्या विचारात होता त्या काळात साष्टी मराठ्यांकडे असती, उत्तरेकडची खाडी पुन्हा सरहद्द असती, धान्य-सरपण पुन्हा परक्या नाक्यावरून येत असते, तर इलाखा गुंडाळण्याच्या बाजूचे पारडे किती जड झाले असते याचा विचार करावा. गेलीच असती म्हणणाऱ्यांनी वसईकडेही पाहावे. ती १७८२ला परत आली आणि पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठ्यांची राहिली. तिच्याच नावाचा १८०२चा तह पेशव्यांच्या गळ्याला फास ठरला, पण गाव म्हणून वसई मुंबईच्या वाढीबाहेरच राहिली. वसईच्या खाडीवर रेल्वेपूल झाला तो १८६०च्या दशकात. भूगोलाने खाडी रुंद केली हे खरे. पण ठाण्याची खाडीही काही ओढा नव्हता, आणि शीवला पाणी होतेच. कुठल्या पाण्यावर रस्ता घालायचा आणि कुठले पाणी हद्द मानायचे, ही निवड माणसे करतात आणि ती करताना त्यांच्यासमोर तहाचा कागद असतो.

सालबाईचा कागद आणि शहराची हद्द मात्र नीट जुळायला फार काळ लागला, अजूनही पुरती जुळलेली नाही. कंपनीने साष्टी मुंबई शहरात घेतली नाही; ती ठाणे जिल्ह्यातच ठेवली. उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. कंपनीच्या काळातल्या त्या जमीनपट्ट्यांचा निकाल लावायला स्वतंत्र भारतात १९५१ मध्ये साष्टी इस्टेटींचा खास कायदा करावा लागला, आणि त्यातले काही दावे त्यानंतरही कोर्टात रेंगाळत राहिले. महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. ज्या ठाण्याच्या किल्ल्यासाठी १७७४ची ती लढाई झाली ते जुने ठाणे, आणि पश्चिमेला मीरा-भाईंदर, त्याच बेटावर असूनही आजही दुसऱ्या महापालिकांत आणि दुसऱ्या जिल्ह्यात आहेत.